पूजेतला माइक आणि चाकणचे हातमोजे

रॅप करणाऱ्याच्या अंतःकरणात क्रोध असावा लागतो, हे ज्ञान मला सत्तरी उलटल्यावर माझ्या भाडेकरूकडून झाले. अडचण एवढीच होती, की त्याच्या स्वतःच्या ठायी क्रोध औषधालाही नव्हता. म्हणून दर गुरुवारी, दत्ताची आरती आटोपून मी ओट्यावर येऊन बसले, की तो खालच्या पायरीवर टेकत असे आणि अतिशय आर्जवाने विचारत असे,

“बाई, सध्या तुमचा कुणावर राग हाय का?”

“नाही रे बाबा.”

“बघा की आठवून. जुना असला तरी चालतोय.”

दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, या संस्काराने मी मनाचे सर्व कोपरे धुंडाळले. अखेरीस एकदा सांगितले, की शेजारच्या इमारतीतले एक सद्गृहस्थ पहाटे काठीने माझ्या प्राजक्ताची फुले पाडून नेतात. राग असा नाही, पण ते माझ्या दृष्टीस पडले आहे. तो हरखून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या जपाच्या वेळी गच्चीवरून ललकारी उठली:

काठी तुझ्या हातात, प्राजक्त माझ्या दारात,
देव तुझा बसलाय चोरीच्या हारात!

त्यानंतर ते सद्गृहस्थ फुले मागून नेऊ लागले, आणि मागताना एक डोळा गच्चीकडे ठेवू लागले.

तो मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कारखान्यात काही वर्षे कंत्राटी काम केल्यावर त्याच्या ध्यानात आले, की या पट्ट्यात असंख्य हात रोज तेलात बुडतात आणि त्या हातांवरचे सुती मोजे कोणाला तरी धुवावे लागतात. चिखलीत माझ्या घराच्या तळमजल्यावर पत्र्याची एक शेड आहे. माझ्या यजमानांचे लेथ यंत्र तिथे असे. ते गेल्यानंतर ती रिकामीच होती. तिथे त्याने एक मोठे धुलाईयंत्र आणि एक पिळण्याचे यंत्र बसवले. या दुसऱ्या यंत्राला ते लोक ‘हायड्रो’ म्हणतात. कारखान्यांतून मळक्या मोज्यांची पोती येत. मोजे धुऊन, पिळून, वाळवून, जोड्या लावून परत जात. कारभार त्याची पत्नी पाही. पाणी, साबण आणि काव्य एवढी खाती त्याच्याकडे होती.

वाळवण माझ्या गच्चीवर होत असे. या धंद्यातली इतर मंडळी मोज्याच्या मनगटाला चिमटा लावतात आणि बोटे खाली सोडतात. याने मात्र पुढच्या दोन दोऱ्यांवरचे मोजे बोटांत काड्या खोचून उभे केले होते.

“हे रे कशासाठी?” मी विचारले.

“पब्लिक हाय, बाई. हात वर करून उभं हाय.”

वारा सुटला की ते सारे हात एकदम हलत, आणि तो कमरेत वाकून त्यांना अभिवादन करी. त्या जनसमुदायातून वाट काढीत मी तुळशीला पाणी घाली. पुढे पुढे मलाही तिथे मोठ्याने शिंकणे प्रशस्त वाटेनासे झाले.

छपाईचा खर्च वाचावा म्हणून त्याने एकाच कार्डावर दोन्ही व्यवसाय बसवले होते. एका बाजूस ‘कॉटन हँडग्लोव्हज धुऊन, वाळवून, जोडी लावून मिळतील’. दुसऱ्या बाजूस, डोळ्यांवर टोपी ओढलेले छायाचित्र आणि ‘रॅप: उद्घाटन, वाढदिवस, वास्तुशांत’. यांतील तिसऱ्या प्रसंगी आमची प्रथम गाठ पडली, आणि त्यातूनच पुढे त्याने आपला धंदा माझ्या शेडमध्ये हलवला. निवृत्तीनंतर मी पौरोहित्याचे शिक्षण घेतले आहे. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत मला वास्तुशांतीला बोलावले होते, आणि त्याच यजमानांच्या चिरंजीवांनी यालाही बोलावले होते. माझी पूर्णाहुती होईतो तो भिंतीशी हात जोडून उभा राहिला. मग टोपी सारखी करून म्हणाला:

वास्तुपुरुषा, तुला हात जोडतो,
लिफ्ट चालू ठेव, नारळ फोडतो!

मी दोन प्रहर जे सांगत होते, त्याहून यातला आशय फारसा निराळा नव्हता. सर्वांना समजला मात्र त्याचाच.

तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे तो जसे स्वागत करी, तसे मी कोणाचे झालेले पाहिले नाही. एकदा कुठल्याशा कंपनीचे सुपरवायझर मोजे कमी आले म्हणून तावातावाने शेडमध्ये शिरले.

“काय राव, धंदा करताय का टाइमपास?”

“भाऊ, एक मिनिट. पुन्हा म्हणा की हे.”

“काय पुन्हा म्हणू?”

“धंदा का टाइमपास. लई भारी बसायलंय. पण जरा सावकाश.”

सुपरवायझरांनी ते सावकाश म्हटले. मग याने मांडीवर ठेका धरला, आणि त्यांनी ते ठेक्यात म्हटले. चहा झाला, तोवर त्यांचा एक अंतरा तयार होता, आणि आपण कशासाठी आलो होतो ते आठवेना म्हणून ते निघून गेले. राहिलेले मोजे त्याच्या पत्नीने शोधून संध्याकाळी पाठवून दिले.

त्याच्या श्रद्धेविषयी मात्र मला नितांत आदर होता. आपला माइक तो देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवी, अंघोळीवाचून त्याला शिवत नसे, आणि दुसऱ्याचा माइक तर मुळीच तोंडाशी धरत नसे.

“का रे? यंत्रच ना ते?”

“उष्टा असतो, बाई. किती जणांचं तोंड लागलेलं असतं.”

आचाराची इतकी सूक्ष्म दृष्टी मला माझ्या सहाध्याय्यांतही क्वचित आढळली होती. परंतु या श्रद्धेला व्यवहाराची जोड नव्हती, आणि त्यातूनच पुढचे प्रकरण उद्भवले.

झाले असे, की एका मित्राने पिंपळे सौदागरमध्ये आपल्या फ्लॅटच्या बेडरूमला गाद्या लावून स्टुडिओ केला होता. तिथे हा एक गाणे ध्वनिमुद्रित करायला गेला, आणि जाताना कंपनीचे मोजे ब्लीचच्या पाण्यात भिजत घालून गेला. गाणे मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा गायले गेले. तो परतला तेव्हा मोजे पांढरेशुभ्र झाले होते आणि त्यांची बोटे टबाच्या तळाशी स्वतंत्रपणे पडली होती. कंपनीतून फोन आला.

“अहो, बोटं कुठायत?”

“साहेब,” हा शांतपणे म्हणाला, “हाफ ग्लोव्हज म्हणून चालतील का?”

चालले नाहीत. कंपनी गेली. त्या संध्याकाळी त्याची पत्नी त्याला घेऊन माझ्या ओट्यावर आली. ती मितभाषी आणि न्यायी होती. तिने आवाजही चढवला नाही.

“हे बघा, मी गाण्याच्या विरुद्ध नाही,” ती त्याला म्हणाली. “पण चाकणच्या नव्या कंपनीने ट्रायल लॉट दिलाय. खंडेनवमीला, सेकंड शिफ्ट लागायच्या आत, तो त्यांच्या गेटला पोचला पाहिजे. पोचला, तर गा हवं तेवढं. नाही पोचला, तर रॅप बंद. टोपी माळ्यावर. बाई साक्षीला आहेत.”

त्याने नवरात्राच्या घटासमोर हात जोडून ते मान्य केले. त्या खंडेनवमीच्याच संध्याकाळी आकुर्डीच्या एका मंडळात त्याचा कार्यक्रम ठरला होता. लोखंडी मांडव, दिवे, खरा रंगमंच. आजवर त्याला जे लाभले नव्हते ते सगळे. एरवी कधी न दिसणारी चिंता त्याच्या मुखावर प्रथमच दिसू लागली.

खंडेनवमीला आमच्या गल्लीतल्या बहुतेक शेडमध्ये यंत्रपूजा मीच सांगते. त्याच्याकडे मी पोचले, तेव्हा सर्व सिद्धता उत्तम होती. जमीन धुतलेली, दोन्ही यंत्रांना झेंडूच्या माळा, हायड्रोच्या झाकणावर केळीचे पान, आणि पानावर तो माइक, नव्या वस्त्रात. यथासांग पूजा झाली. झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, झाकणाला आणि पिंपाला मिळून दोरा गुंडाळला गेला, नैवेद्य दाखवला. गल्लीतली मंडळी प्रसादाला जमली. पूजेत मांडलेले साधन दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत चालवायचे नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. मी ते पुन्हा एकदा सांगितले. सर्वांत भक्तिभावाने मान त्यानेच हलवली. माइकही पूजेत होता, तेव्हा संध्याकाळी आकुर्डीला उघड्या गळ्यानेच गायचे त्याने ठरवले होते.

एवढ्यात त्याची पत्नी रिकामी पोती घेऊन आली.

“लॉट कुठे ठेवलाय?”

तो केळीच्या पानाकडे पाहत राहिला.

“अहो, चाकणचा लॉट.”

“हायड्रोत.”

“पिळून झालाय ना?”

“पिळायला टाकला होता. तेवढ्यात बाई आल्या.”

पत्नीने एकवार दोऱ्याकडे, एकवार स्वस्तिकाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले.

“मग उघडा.”

“कसं उघडू? देव बसलाय त्यात.”

“देव बसलाय का चाकणचा लॉट बसलाय?”

“दोघं बी बसलेत,” तो खिन्नपणे म्हणाला. “बाई, आता तुम्हीच सांगा.”

सर्वांच्या दृष्टी माझ्याकडे वळल्या. आजवर मला मुहूर्त विचारले गेले, सोयर-सुतक विचारले गेले. परंतु आवाहित यंत्राच्या उदरातून ओले हातमोजे काढावेत की न काढावेत, यावर मी कुठलाही निर्णय पाठ केलेला नव्हता. मी डोळे मिटून थोडा विचार केला. मग म्हटले, “पूजा आपण यंत्राची केली. पोटातल्या मोज्यांचे आवाहन केले नाही. ते पाहुणे आहेत, आणि पाहुण्याला कोंडून ठेवणे देवालाही आवडणार नाही. अक्षता वाहा, क्षमा मागा, दोरा न तोडता बाजूला सरकवून झाकण उचला आणि मोजे काढा. यंत्र मात्र उद्यापर्यंत फिरवू नका.”

“आणि पिळायचे कशात?” पत्नीने विचारले.

“हात पूजेत मांडलेले नाहीत.”

झाले. प्रसादाला आलेली सगळी गल्ली मोजे पिळायला बसली. एका टोकाला लेथवाले, दुसऱ्या टोकाला गृहिणी. मध्ये हा, हायड्रोतून एकेक ओंजळ काढीत आणि प्रत्येक वेळी झाकणाला नमस्कार करीत. पिळून झाले तरी मोजे ओलेच राहिले. ऊन कडक होते, पण वेळ नव्हता. तेव्हा त्यालाच सुचले, की टेम्पोवर दोऱ्या बांधून मोजे वाटेतच वाळवावेत. टेम्पोची पूजा दसऱ्याची. त्यामुळे तो अजून सर्वसामान्य टेम्पो होता.

“बाई, तुम्ही बरोबर जा,” त्याची पत्नी म्हणाली. “नाहीतर हे आधी आकुर्डीला जातील.”

“मी? मी शपथ घेतलीय,” तो दुखावून म्हणाला.

“म्हणूनच साक्षीदार पाठवतेय.”

अशा रीतीने पैठणी नेसलेली मी, मांडीवर प्रसादाचा डबा घेऊन, टेम्पोच्या पुढच्या बाकावर बसले. पाठीमागे दोऱ्यांवर ते सर्व हात फडफडत होते. मोशी ओलांडून हमरस्त्याला लागल्यावर वाऱ्याने असे काही बळ धरले, की मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाटावे, हे वाहन आपल्याला निरोप देत आहे. दुचाकीवरची माणसे हात हलवून प्रत्युत्तर देत होती. कामगारांच्या एका सबंध बसनेच हात हलवला. मी विष्णुसहस्रनाम म्हणत होते. दोनदा मला अनुक्रम सोडून नमस्कार स्वीकारावा लागला.

दुसरी पाळी लागायला थोडा अवकाश असताना आम्ही कंपनीच्या गेटपाशी पोचलो. मोजे खडखडीत वाळले होते. त्याने टोपी काढून कपाळ पुसले, आणि मला म्हणाला, “बाई, वाचलो.”

गेटला आंब्याच्या पानांचे तोरण होते. आडव्या दांड्याला हार होता. चौकीतून एक वयस्क पहारेकरी कपाळाला गुलाल लावून बाहेर आले. बोलण्यावरून तिथल्याच गावचे वाटले.

“ट्रायल लॉट हाय, भाऊ,” हा म्हणाला. “आत घ्या.”

“कसा घिऊ? काटा पूजंत हाय.”

“कुठला काटा?”

“वजनाचा. त्यो बघा की, हार घालून बसलाय. बिगर वजनाची आवक होत न्हाई.”

“मग साहेबांना बोलवा.”

“सायेब नारळ फोडून घरी गेलं. सायबाचा कॉम्प्युटर बी पूजंत हाय, आन् शिक्का बी.”

“अहो, मग आजची तारीख दिली कुणी?”

“कॉम्प्युटरनं,” पहारेकरी म्हणाले, आणि त्यांनी आम्हाला पेढा दिला.

त्याने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. मी त्याच्याकडे पाहिले. त्या मुखावर आता तरी क्रोध उमटेल, असे मला वाटले. उमटली ती केवळ कीव. स्वतःचे यंत्र पूजेत असलेला माणूस दुसऱ्याच्या काट्याला काय बोलणार? त्याने खिशातून फोन काढला.

“बाई, मी तिला फोन लावतो. तुम्ही जे झालं तेच सांगा. माझ्या बाजूनं काही घालू नका.”

मी झाले ते सांगितले. मग ती म्हणाली, “बाई, मी त्या दिवशी नेमकं काय म्हणाले होते?”

पाठांतराची सवय आजन्म असल्यामुळे मी तिचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले: खंडेनवमीला, सेकंड शिफ्ट लागायच्या आत, तो त्यांच्या गेटला पोचला पाहिजे.

“गेटवर कोण आहेत? त्यांना द्या फोन.”

पहारेकऱ्यांनी फोन कानाला लावला.

“दादा, गाडी तुमच्या गेटला आली ती तुम्ही बघितली?”

“व्हय, वहिनी. लांबूनच दिसली. टाटा करीत आली.”

“सेकंड शिफ्ट लागली का हो?”

“न्हाई अजून. आन् आज कुठली लागती?”

“मग पोचली,” ती म्हणाली. “आत घेणं हे कंपनीचं काम, आमचं नाही. आमच्या ह्यांना सांगा, आता आकुर्डीला जा. आणि पेढा खा म्हणावं, हातात धरून बसले असतील.”

त्याने पेढा खाल्ला. मग रस्त्यावरच मला वाकून नमस्कार केला, पहारेकऱ्यांना केला, आणि फाटकातून दिसणाऱ्या त्या हार घातलेल्या काट्यालाही केला.

परंतु चाकणच्या चौकात येताच आम्ही अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसगाड्या, आणि सणामुळे उरलेल्या जागेत झेंडूचे टेम्पो. ऊन कलले. आकुर्डीहून मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला.

“दादा, कुठायत? तुमचा नंबर आलाय.”

“चौकात.”

“कुठल्या?”

“चाकणच्या.”

“मग राहू द्या, भावा,” कार्यकर्ता म्हणाला. “गरबा लावतो.”

त्याने फोन ठेवला आणि सुकाणूवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. बायकोकडून सोडवून आणलेले गाणे चौकाने अडवले होते. मी प्रसादाचा डबा पुढे केला. इतक्यात शेजारच्या ट्रकचा चालक खिडकीतून वाकला.

“भावा, टोपी घालून काय बसलायस? गातो काय?”

“गातो.”

“मग गा की. इथं कुणाला काय काम हाय?”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “जा. माइक पूजेत आहे, तर कंठाने गा.” तो उतरला, मागे चढला, दोऱ्या बाजूला सारल्या, आणि उघड्या गळ्याने सुरू झाला:

आलो मी धावत, लॉट घेऊन ताजा,
गेटवर कळलं, काट्याची पूजा!
कॉम्प्युटरला हार, शिक्क्याला गंध,
देव जागा आहे, ऑफिस बंद!

आधी ट्रकवाला हसला, मग बसमधले कामगार. खिडक्यांतून माणसे अर्धी बाहेर आली. कोणी पत्र्यावर ठेका धरला; पाहता पाहता पुढचा कंटेनर आणि मागचा कंटेनर एकाच तालात वाजू लागले. ‘ऑफिस बंद’ ही ओळ सर्वांनी उचलली, कारण त्या चौकातल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा ती ऐकावी लागली होती. पलीकडच्या बाजूचे लोक ‘मोठ्यानं’ म्हणून ओरडले, तेव्हा तो अधिक मोठ्याने गायला. त्याने प्राजक्ताचे गायले, लिफ्टचे गायले, सुपरवायझरांचा अंतरा गायला, आणि सगळे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून काट्याचे गायले. वाहने हलली तेव्हा मागचे कोणी भोंगा वाजवीना. त्यांना वाटले, कार्यक्रम संपायचा आहे.

चिखलीला परतलो तोवर त्याचा आवाज पूर्ण बसला होता. तो खुणांनी बोलत होता. त्याच्या पत्नीने आम्हाला दोघांना पाने वाढली आणि त्याला विचारले, “झालं का गाणं?”

त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

“झालं,” मी सांगितले. “पण आकुर्डीला नाही. चाकणला झालं.”

“चाकणला? लोक होते का तिथे?”

“हलायला जागा नव्हती.”

तिने त्याच्या पानात आणखी एक पुरी वाढली, थोडा विचार केला, आणि म्हणाली, “मग पुढच्या वेळी जरा मोठी जागा बघायला सांगा त्यांना.”